खंडणी कोणाला दिली?

१९६८ साली जेरुसलेमच्या उत्तरेकडील गिवात हामिव्तार या वस्तीत घरांच्या पायाचे खोदकाम चालू असताना काही पुरातन थडगी उघडी पडली, आणि त्यांपैकी एकातील चुनखडीच्या अस्थिपेटीत, जिच्या बाजूवर येहोहानान हे नाव कोरलेले होते, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका तरुण पुरुषाची हाडे मिळाली. उजव्या टाचेच्या हाडातून सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा लोखंडी खिळा आरपार गेलेला होता. खिळ्याच्या डोक्याखाली लाकडाचा तुकडा शिल्लक होता आणि त्याचे टोक माशाच्या गळासारखे वळलेले होते. बहुधा त्यामुळेच प्रेत खाली उतरवणाऱ्यांना तो खिळा उपसता आला नाही आणि हाडासकट तो तसाच थडग्यात गेला. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर इसवी सनापूर्वी ७१ मध्ये आप्पियन महामार्गाच्या कडेने सहा हजार गुलामांना क्रूसावर चढवल्याची नोंद रोमन इतिहासात आहे. परंतु या शिक्षेचा डोळ्यांनी पाहता येईल असा अस्थिरूप पुरावा प्रथम मिळाला तो या एका टाचेचा.

ते हाड येशूचे नव्हे. तथापि येशूच्या मरणाविषयी दोन सहस्रकांत जे अफाट तत्त्वचिंतन झाले, त्याकडे वळण्यापूर्वी हा वाकलेला खिळा दृष्टीसमोर असावा असे मला वाटते. कारण विचारवंतांच्या ग्रंथांत तो क्रूस पुष्कळदा इतका गुळगुळीत होऊन येतो की त्याला लाकडाची कूस लागत असेल याचाच विसर पडावा. ज्या मरणाविषयी आपण बोलत आहोत ते रोमन अंमलातील गुलामांना आणि बंडखोरांना राखून ठेवलेले, शहराबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर, विवस्त्र अवस्थेत यावयाचे मरण होते. इसवी सन २६ ते ३६ या काळात यहूदिया प्रांताचा सुभेदार असलेल्या पंतय पिलाताच्या हुकुमाने ते घडले, आणि अपराधाची पाटी हिब्रू, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत लावण्यात आली, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. ख्रिस्ती धर्माविषयी काडीचीही आस्था नसलेला रोमन इतिहासकार टॅसिटस यानेही या देहदंडाचा उल्लेख केला आहे.

हे झाले ‘कसे’ याविषयी. ‘का’ हा प्रश्न मात्र निराळा, आणि येथे एक गोष्ट प्रारंभीच सांगितली पाहिजे, जी अनेक ख्रिस्ती वाचकांनाही नवी वाटेल. येशू देव होता की मनुष्य, की एकाच वेळी दोन्ही, याविषयी प्राचीन चर्चने ३२५ मध्ये निकाया येथे आणि ४५१ मध्ये काल्सेदोन येथे धर्मपरिषदा भरवून एकेका शब्दाचा काथ्याकूट करून निर्णय दिले. परंतु त्याच्या मरणाने मनुष्याचे तारण नेमके कोणत्या रीतीने होते याविषयी प्राचीन काळच्या एकाही सार्वत्रिक परिषदेने सिद्धांत बांधून दिला नाही. श्रद्धासूत्रात तो आमच्यासाठी क्रूसावर गेला एवढेच विधान आहे. त्या ‘आमच्यासाठी’ या पदाचा अर्थ प्रत्येक युगाने आपापल्या बाजारातून, रणांगणातून आणि न्यायकचेरीतून शब्द आणून लावला, आणि माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास म्हणजे त्या उसन्या आणलेल्या शब्दांचा इतिहास होय.

मराठी वाचकाला हे समजावून घेण्यासाठी दूर जावयास नको. मराठी बायबल उघडले तर मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या मरणाविषयी बोलताना जो शब्द येतो तो आहे ‘खंडणी’. मूळ ग्रीक शब्द ‘लुत्रोन’. गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी मोजावयाचा पैसा. भाषांतरकाराने त्यासाठी जो शब्द उचलला तो आपल्या बखरींतला, मुलूखगिरीतला, गावे जाळू नयेत म्हणून पाटील-देशमुखांनी जमवून द्यावयाच्या रकमेचा. त्याहून विलक्षण शब्द ‘तारण’. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या प्रार्थनेत तारण म्हणजे उद्धार आणि तारणारा म्हणजे येशू. पण तोच शब्द सावकाराच्या वहीत कर्जापोटी ठेवलेल्या दागिन्याला किंवा जमिनीच्या तुकड्याला लावलेला असतो. बुडणाऱ्याला तारणारा आणि कर्जाबद्दल अडकून पडलेला, हे दोन्ही अर्थ एका शब्दात येऊन बसावेत हा भाषेचा योगायोग असेल. परंतु ख्रिस्ती विचाराचा निम्मा इतिहास त्या योगायोगात सामावलेला आहे.

पहिल्या पिढीपुढचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नव्हता, लज्जेचा होता. अनुवादाच्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, झाडावर टांगलेला मनुष्य देवाच्या शापास पात्र होय असा दंडक आहे, आणि ज्या शिष्यांनी येशूला इस्राएलाचा अभिषिक्त राजा मानले होते त्यांचा राजा तर लाकडावरच टांगला गेला होता. पौलाने ही अडचण टाळली नाही. तो शाप येशूने आमच्याऐवजी स्वतःवर घेतला, असे त्याने गलतीकरांस लिहिले, आणि क्रूसाची गोष्ट यहुद्यांना अडखळण व ग्रीकांना मूर्खपणा वाटते याची कबुलीही करिंथकरांजवळ दिली. त्या पिढीने आपल्या शास्त्रात आधार धुंडाळले तेव्हा त्यांना यशयाच्या ग्रंथातील त्रेपन्नावा अध्याय सापडला, ज्यात इतरांच्या अपराधांसाठी घायाळ होणाऱ्या, कत्तलीस नेलेल्या कोकराप्रमाणे मुका राहणाऱ्या एका सेवकाचे वर्णन आहे. योहानाच्या, म्हणजे चौथ्या, शुभवर्तमानात तर घटनाक्रमच असा येतो की वल्हांडण सणाची कोकरे मारण्याच्या दिवशी येशूचा प्राण जातो. उरलेली तीन शुभवर्तमाने मात्र वल्हांडणाचे भोजन आदल्याच रात्री झाल्याचे सांगतात. तारखांचा हा मेळ विद्वानांना अद्याप बसवता आलेला नाही. परंतु योहानाला काय म्हणावयाचे आहे ते स्पष्ट आहे.

तोच यशया यहुदी वाचकही वाचत होते, आणि त्यांचे वाचन वेगळे होते. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती पंडित ओरिगेनाने नमूद करून ठेवले आहे की, तो दुःखी सेवक म्हणजे एक मनुष्य नसून पांगलेली, राष्ट्राराष्ट्रांत छळ सोसणारी समग्र यहुदी प्रजा होय, असे काही यहुदी विद्वानांनी त्याला सांगितले. आणि अकराव्या शतकातील थोर भाष्यकार राशी यानेही तोच अर्थ प्रतिपादिला. या मतभेदाचा शेवट पंडितांच्या वादात झाला असता तर बरे होते. ख्रिस्ती युरोपाने येशूच्या मरणाचा दोष शतकानुशतके साऱ्या यहुदी जातीवर ठेवला, आणि ज्या क्रूसाने मनुष्यास क्षमा शिकवावी त्याच्या नावाने गल्ल्या जाळल्या गेल्या. मार्क शागाल या यहुदी चित्रकाराने १९३८ मध्ये काढलेल्या ‘शुभ्र क्रूसारोहण’ या चित्रात येशूच्या कमरेला यहुद्यांची प्रार्थनेची शाल गुंडाळलेली आहे आणि सभोवार पेटलेले सभास्थान, पळणारी कुटुंबे, होडीतले निर्वासित आहेत. यशयाचा सेवक एक की अनेक, या प्रश्नाचे याहून करुण भाष्य माझ्या पाहण्यात नाही. अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की येशूच्या क्लेशांचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट, किंवा आजच्या यहुद्यांवर, ठेवता येत नाही. इतके साधे सत्य अधिकृतपणे उच्चारावयास एवढा काळ लागला याचे दुःख प्रत्येक श्रद्धाळू मनुष्याला झाले पाहिजे.

आता खंडणीकडे वळू. पहिल्या काही शतकांच्या मनोविश्वात मनुष्यजात सैतानाच्या कैदेत होती, आणि कैदेतून सुटका म्हटली की मोल मोजणे आलेच. चौथ्या शतकातील निस्साचा ग्रेगोरी याने हे रूपक शेवटपर्यंत ताणले: येशूचे मनुष्यशरीर हे आमिष आणि त्यात झाकलेले देवत्व हा गळ, सैतानाने हावरेपणाने आमिष गिळले आणि गळ त्याच्या घशात अडकला. कोळीवाड्यातील मुलालाही समजेल अशी ही उपमा. परंतु त्याच्याच मित्राने, नाझियान्झसच्या ग्रेगोरीने, पुनरुत्थानाच्या सणानिमित्त केलेल्या एका प्रवचनात असा प्रश्न विचारला की ज्याच्यापुढे सबंध हिशेब कोलमडावा. ही खंडणी दिली तरी कोणाला? सैतानाला म्हणावे, तर दरोडेखोराला देवाच्या पुत्राचेच मोल मिळाले, हे संतापजनक होय. पित्याला म्हणावे, तर आम्ही त्याच्या कैदेत होतोच कोठे? आणि ज्या देवाने अब्राहामाच्या हातून इसहाकाचा बळी घेतला नाही, त्याला आपल्या एकुलत्या पुत्राच्या रक्तात संतोष कसा वाटेल? इतका निर्भय प्रश्न श्रद्धेच्या आतून, व्यासपीठावरून, एका धर्माध्यक्षाने विचारावा, ही मला त्या शतकाची मोठी देणगी वाटते.

पौर्वात्य चर्चने पुढे या हिशेबात फारसे मन घातले नाही. त्यांच्या दृष्टीने मनुष्याचा वैरी म्हणजे मृत्यू, आणि येशू मृत्यूच्या घरात शिरला तो त्या घराची दारे मोडण्यासाठी. कॉन्स्टँटिनोपलच्या खोरा मठात चौदाव्या शतकाच्या प्रारंभी काढलेले एक भित्तिचित्र आहे. त्यात शुभ्र वस्त्रातील ख्रिस्त पाय फाकून उभा आहे. एका हाताने आदामाला आणि दुसऱ्याने हव्वेला त्याने थडग्यांतून ओढून काढले आहे, आणि नीट पाहिले असता लक्षात येते की त्याने त्यांचे हात हातात घेतलेले नसून त्यांची मनगटे धरली आहेत, जशी विहिरीत पडलेल्याची धरावी. कारण बुडणाऱ्याच्या पकडीत जोर उरलेला नसतो. पायाखाली मोडलेली कुलपे, किल्ल्या आणि बिजागऱ्या विखुरल्या आहेत. येथे कर्ज नाही, कचेरी नाही. तुरुंग फोडल्याचा दिवस आहे. स्वीडनचे धर्मपंडित गुस्ताफ आउलेन यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हीच विजयाची कल्पना मूळची होय असे प्रतिपादन केले, तेव्हा पश्चिमेकडील पुष्कळांना आपण काय हरवून बसलो होतो याची आठवण झाली.

पश्चिमेने कचेरीची वाट धरली, आणि त्या वाटेचा आरंभ ज्याने केला तो मनुष्य असामान्य होता. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म हा इंग्लंडच्या राजाशी झालेल्या तंट्यामुळे परागंदा होऊन इटलीत कापुआजवळच्या एका डोंगरी खेड्यात राहिला असता, १०९८ मध्ये त्याने ‘देव मनुष्य का झाला’ या नावाचा संवादग्रंथ पुरा केला. बोसो नावाचा त्याचा शिष्य प्रश्न विचारतो आणि गुरू उत्तरे देतो. सैतानाला काही हक्क होता ही कल्पना अन्सेल्मने प्रथमच फेटाळली; ऋण आहे ते देवाचे. सरंजामी व्यवस्थेत धन्याचा मान मोडणे हा अपराध केवळ बुडालेल्या वस्तूच्या किमतीने मोजला जात नसे, ज्याचा मान मोडला त्याच्या पायरीनेही मोजला जाई. मग ज्याच्यापेक्षा वरची पायरीच नाही त्याच्या मानहानीची भरपाई किती? एके ठिकाणी गुरू शिष्याला विचारतो की, समज तू देवापुढे उभा आहेस, कोणी म्हणाला तिकडे पाहा, आणि देव म्हणाला पाहू नको. तर सारे विश्व नष्ट होऊ नये म्हणून तरी तू तो एक कटाक्ष टाकशील काय? शिष्य घुटमळतो आणि शेवटी नाही म्हणतो. एवढ्याशा कटाक्षाचे वजन जर विश्वाहून जड, तर मनुष्याजवळ फेडावयास आहे काय, जे आधीच देवाचे नाही? ऋण मनुष्याचे, ऐपत केवळ देवाची; म्हणून देणारा देव आणि मनुष्य दोन्ही असला पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष. या तर्काची बांधणी एखाद्या दगडी कमानीसारखी आहे आणि तिच्याखाली उभे राहिले असता मान आपोआप वर होते. परंतु ती कमान ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावरील सरंजामदारांची आहे, हेही तेथे उभे राहिल्यावाचून कळत नाही.

पुढच्याच पिढीत पीटर आबेलार याने, रोमकरांस पत्राच्या भाष्यात, उलट दिशेने विचारले की, निरपराध्याच्या रक्ताची किंमत मागणे हे क्रौर्य नव्हे काय, आणि आपल्या पुत्राच्या मरणाने प्रसन्न होणारा देव तो कसला देव? त्याचे उत्तर असे की क्रूसाने देवाचे मन पालटले नाही, आमचे पालटले. एवढे प्रेम पाहून मनुष्याच्या अंतःकरणात प्रेम पेटते आणि त्या प्रेमाने तो भयमुक्त होतो. क्लेअरव्होच्या बर्नार्डने या मतावर कडाडून हल्ला केला, सान्स येथील धर्मसभेने आबेलारची मते दोषास्पद ठरवली, आणि ११४२ मध्ये तो क्लुनी मठाच्या आश्रयाला असताना वारला. तथापि बर्नार्डच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही: पुरात सापडलेल्याला बाहेर काढण्यासाठी कोणी उडी घेतली तर ते प्रेम, पण काठावर सुखरूप उभ्या असलेल्या माणसावरील प्रेम दाखवण्यासाठी कोणी पुरात उडी घेतली तर त्याला काय म्हणावे? सोळाव्या शतकात कायद्याचे शिक्षण घेतलेल्या काल्व्हिनने अन्सेल्मच्या भरपाईचे रूपांतर शिक्षेत केले. न्यायाधीशाने दोषीला ठोठावलेला दंड निर्दोष्याने भोगला, आणि हाच अर्थ प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या पेट्यांतून जगभर आणि आपल्याकडेही पोहोचला.

इस्लामने हा प्रश्न मुळातच वेगळा मांडला. कुराणात येशू, म्हणजे इसा, हा मोठा पैगंबर आहे. परंतु चौथ्या सूऱ्यातील १५७ व्या आयतीचा आशय असा की त्यांनी त्याला मारलेही नाही आणि क्रूसावरही दिले नाही, त्यांना तसा भास झाला. तबरीच्या भाष्यात अशा परंपरा संगृहीत आहेत की येशूचे रूप दुसऱ्या कोणावर आले आणि तोच क्रूसावर चढला. तर बाराव्या शतकातील फखरुद्दीन राजी याने, रूपे अशी पालटू लागली तर डोळ्यांच्या साक्षीवर विश्वास तो काय राहिला, अशी शंका प्रामाणिकपणे नोंदवली. यामागील श्रद्धा दोन पदरी आहे: देव आपल्या पैगंबराला वैऱ्यांच्या हाती अपमानित होऊ देणार नाही, आणि एका जिवाचे ओझे दुसरा जीव वाहू शकत नाही. अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी याहून तिसरेच सांगितले, की येशू क्रूसावरून जिवंत उतरला आणि काश्मीरात वृद्धपणी वारला. श्रीनगरच्या खानयार मोहल्ल्यातील रोजाबल ही कबर ते त्याची मानतात. आणि १९५४ मध्ये कैरोचे वैद्य मुहम्मद कामिल हुसेन यांनी क्रूसारोहणाच्या त्या शुक्रवारावर अरबीत एक कादंबरी लिहिली. क्रूसावर प्रत्यक्ष कोण होते हा वाद त्यांनी बाजूस ठेवला आणि ज्यांनी त्याला मारण्याचे ठरवले त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीचे काय झाले एवढेच पाहिले. कादंबरीच्या नावात नगराला जे विशेषण लावले आहे त्याचा धातू आपल्या ‘जुलूम’ शब्दाचाच.

आपल्या भूमीवर या प्रश्नाचे स्वरूप पुन्हा बदलले, कारण येथे ‘कर्म’ हा शब्द आधीच ठाण मांडून बसला होता. ज्याने केले त्याने भोगावे, हा ज्या समाजाचा पक्का हिशेब, त्याला दुसऱ्याने भोगल्याने आपले फिटते ही गोष्ट पटावी कशी? गोव्यात १५७९ मध्ये आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त, सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत, जी रचना केली तीच एक प्रकारे याचे उत्तर आहे: क्रूसाची कथा दुसऱ्या पुराणात, आणि त्याआधी सबंध पहिले पुराण आदिमानवाचे पतन, पूर आणि पैगंबरांची वाट पाहणी यांना वाहिलेले. ऋण कोठून आले ते आधी ऐकल्याखेरीज फेड ऐकावयाची नाही, असा जणू त्यांचा शिरस्ता. स्वर्गाला वैकुंठ म्हणणारा हा ग्रंथ ख्रिस्ती श्रोते उपासकाळात ऐकत, ओवीच्या त्याच चालीवर जिच्यावर त्यांच्या आज्यांनी इतर पुराणे ऐकली होती.

दोनशे वर्षांनी बंगालमध्ये राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या उपदेशांचे जे संकलन प्रसिद्ध केले त्यातून चमत्कार आणि क्रूसाचा सिद्धांत वगळला, व श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांशी झालेल्या प्रदीर्घ वादात असे प्रतिपादिले की खऱ्या पश्चात्तापाला देवाची क्षमा पुरेशी आहे, मध्ये रक्ताची गरज नाही. गांधीजींनीही आत्मचरित्रात स्पष्ट लिहिले की येशूच्या मरणाने जगाचे पाप धुतले जाते हे अक्षरशः मानण्यास त्यांची बुद्धी तयार नव्हती. तरीही डिसेंबर १९३१ मध्ये व्हॅटिकनमध्ये क्रूसावरील येशूची मूर्ती पाहून त्यांचे डोळे भरून आले, आणि सेवाग्रामच्या मातीच्या कुटीत, जेथे भिंतीवर दुसरी शोभा नव्हती, येशूचे एक कृष्णधवल चित्र होते. सिद्धांत नाकारून चित्र ठेवणे यात मला विसंगती वाटत नाही. सत्याग्रहीला क्रूसावर जे दिसले ते आबेलारच्या फार जवळचे होते.

विसाव्या शतकाच्या युद्धांनंतर प्रश्नाचा रोखच पालटला. मनुष्य देवापुढे निर्दोष कसा ठरेल, याऐवजी एवढ्या यातना पाहणारा देव मनुष्यापुढे कसा निर्दोष ठरेल, असे लोक विचारू लागले. दुसऱ्या महायुद्धात पाडाव झालेले जर्मन धर्मपंडित युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘क्रूसावर दिलेला देव’ या ग्रंथात सांगितले की देव त्या मरणाकडे दुरून पाहत नव्हता. पुत्राने त्यागले जाण्याचे दुःख सोसले आणि पित्याने पुत्र गमावण्याचे. हे विधान त्यांनी ज्या पायावर उभे केले तो पाया म्हणजे येशूच्या सात उद्गारांपैकी चौथा, ज्याच्याविषयी गुड फ्रायडेच्या दुपारी बारा ते तीनच्या उपासनेत मराठी चर्चमध्येही प्रवचन होते.

त्या उद्गारापाशी सारी शास्त्रे जपून चालतात. लूक व योहान यांनी तो घेतलाच नाही. मार्क व मत्तय यांनी घेतला. बाविसाव्या स्तोत्राचा तो आरंभ आहे, मरणारा यहुदी ओठांवर आणील असे स्तोत्र, आणि त्यात देवाला तू मला का टाकलेस असा प्रश्न आहे. म्हणजे ‘का’ हा प्रश्न ज्याच्याविषयी आपण विचारतो त्यानेच तो प्रथम विचारला. मार्क ग्रीकमध्ये लिहीत होता, तरी हे एक वाक्य त्याने येशूच्या मातृभाषेत, अरामीत, ध्वनी जसेच्या तसे ठेवून लिहिले आणि मग शेजारी अर्थ दिला; नंतरच्या भाषांतरकारांनीही त्याला हात लावला नाही, आणि मराठी बायबलातही ते परके ध्वनी देवनागरीत तसेच उभे आहेत. जे जवळ उभे होते त्यांना ते नीट ऐकू आले नाही. हा एलीया संदेष्ट्याला हाक मारतो आहे, असे त्यांना वाटले, आणि एलीया येतो की काय ते पाहण्यासाठी ते थांबले. तेवढ्यात त्यांच्यातला कोणी एक धावत गेला, त्याने स्पंज आंबट द्राक्षारसात बुडवला, वेताच्या टोकाला खोचला आणि वर त्याच्या ओठांपर्यंत धरला.